धावत्या टेम्पोत जनावर उभे कसे राहते?

सुरत शहराच्या पूर्व भागातील पर्वत पाटिया हे नाव गोमंतकीय वाचकाला अपरिचित असले, तरी त्याचा अर्थ सहज उमगण्यासारखा आहे. गुजरातीत ‘पाटियुं’ म्हणजे फलक. गावाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, जिथे गावाच्या नावाचा फलक असतो, त्या जागेला तेथे ‘पाटिया’ म्हणण्याचा प्रघात आहे. मराठीत आपण त्याला ‘फाटा’ म्हणतो. पर्वत गावाचा हा फाटा आता सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत पुरता सामावला आहे. एका दिशेला रिंग रोडवरील कापडबाजार, दुसऱ्या दिशेला कडोदऱ्याकडे व पुढे बारडोली, धुळे, जळगावकडे जाणारा मार्ग आणि जवळच लिंबायत, डिंडोली या भागांतील खानदेशी मराठी वस्ती, असा या परिसराचा शेजार आहे.

कापडाच्या गाठी वाहणारे टेम्पो, बस, रिक्षा आणि दुचाक्या यांच्या अशा शहरी वर्दळीत जनावरेही प्रवासी असतात. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेम्पोच्या हौद्यात पाय फाकवून उभ्या असलेल्या शेळ्या, स्कूटरवर धन्याच्या पायांपाशी बसलेला कुत्रा, वाऱ्याने झुलणाऱ्या तारेवर ओळीने विसावलेली कबुतरे ही दृश्ये सुरतेत दिसतात, तशीच म्हापशात किंवा मडगावातही दिसतात. बसमध्ये उभ्या माणसाला दांडी धरावी लागते. शेळीला धरायला हात नाहीत, पुढे वळण आहे की गतिरोधक हे तिला ठाऊक नसते आणि हौद्याच्या उंच कडांमुळे रस्ताही दिसत नाही. तरीही बहुतेक वेळा ती उभी राहते. ती कशी राहते, आणि जेव्हा राहू शकत नाही तेव्हा काय घडते, या दोन प्रश्नांची उत्तरे शरीरशास्त्र, भौतिकशास्त्र आणि कायदा या तिन्हींत विखुरलेली आहेत.

तोलाचे गणित

कोणतीही वस्तू स्थिर उभी राहण्यासाठी तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा तिच्या पायांनी वेढलेल्या जागेत पडावा लागतो. ही जागा जितकी रुंद आणि गुरुत्वमध्य जितका खाली, तितका तोल पक्का. चार पायांच्या जनावराची आधाराची जागा लांबट चौकोनासारखी असते. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर पुष्कळ, पण डाव्या व उजव्या पायांत फार थोडे. त्यामुळे जनावराला समोरून वा मागून बसलेला धक्का सोसवतो; कुशीवर बसलेला धक्का त्याला लवकर पाडतो.

गाडी चालू झाली की यात जडत्वाची भर पडते. ब्रेक लागताच हौद्याची जमीन मंदावते, तिच्यासोबत खूर मंदावतात, पण धड आधीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश इतक्या जोराने ब्रेक लागला, तर जनावराच्या दृष्टीने ‘खाली’ ही दिशाच सुमारे १७ अंशांनी पुढे कलते. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या बैलाच्या पायांखाली क्षणात तेवढ्या उताराची टेकडी यावी, असा हा प्रकार आहे. वळणावर हीच ओढ वळणाच्या बाहेरच्या बाजूला लागते. टेम्पोचा सांगाडाही त्याच बाजूला झुकतो, म्हणून तिचा परिणाम वाढतो.

स्कूटरवरच्या कुत्र्याचे नवल वाटते, पण वळणावर त्याची स्थिती टेम्पोतल्या शेळीपेक्षा सोपी असते. दुचाकी वळताना आतल्या बाजूला कलते आणि त्यामुळे एकूण ओढ जवळजवळ पायांच्या सरळ रेषेतच राहते. कुत्र्याला बाजूला फेकले गेल्यासारखे वाटतच नाही. त्याला धोका असतो तो अचानक लागलेल्या ब्रेकचा आणि खड्ड्याचा. तेथे कलण्याचा काही उपयोग होत नाही.

कानातला ओळंबा

तोल जातो आहे हे शरीराला कळवण्याचे मुख्य काम आंतरकर्णात चालते. श्रवणाच्या शिंपलाकृती भागाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्या परस्परांशी जवळजवळ काटकोनात बसवलेल्या असतात. डोके वळले की नलिका वळतात, पण त्यांतील द्रव किंचित मागे रेंगाळतो. त्यामुळे सूक्ष्म केसांसारख्या पेशी वाकतात आणि मेंदूला वळण्याची दिशा व वेग कळतो. नलिकांच्या शेजारी दोन लहान पिशव्या असतात. त्यांत चुन्याचे बारीक कण जेलीसारख्या थरावर टेकलेले असतात. डोके कलले किंवा गाडीने वेग घेतला की हे कण सरकतात. नलिका गिरकी मोजतात, कण कल आणि धक्का मोजतात.

माशांमध्ये हे कण एकत्र येऊन खडा होतो. घोळ, ढोमा यांसारख्या माशांच्या डोक्यात सापडणारा पांढरा खडा म्हणजे त्यांच्या कानातील ओळंबाच होय. सुंगटांच्या जातीत निसर्गाने आणखी साधी योजना केली आहे. सुंगट कात टाकते तेव्हा तोल मोजणाऱ्या पिशवीतील वाळूचे कणही जातात, आणि नवी कात आल्यावर ते बाहेरचे कण पुन्हा आत भरून घेते. व्हिएन्नातील संशोधक आलोइस क्राइडल यांनी १८९३ मध्ये याचाच लाभ घेतला. त्यांनी वाळूऐवजी लोखंडाचा कीस ठेवला. सुंगटांनी तो आत घेतल्यावर वर लोहचुंबक धरला, तेव्हा ती पोट वर करून पोहू लागली. चुंबक जिकडे, तिकडे त्यांची ‘खालची’ दिशा झाली होती. तोलाची जाणीव एवढ्याशा कणांवर अवलंबून असते, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारा प्रयोग विरळाच.

त्याआधी, १८२० च्या दशकात, फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पिएर फ्लूरांस यांनी कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिका छेदून पाहिल्या होत्या. ज्या प्रतलातील नलिका छेदली, त्याच प्रतलात कबुतर गिरक्या घेऊ लागले. पुढे माणसाच्या या यंत्रणेवरील कामासाठी रॉबर्ट बाराणी यांना १९१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कान एकटा पुरेसा नसतो. डोळे क्षितिज पाहतात. स्नायू, सांधे आणि तळव्यातील संवेदक कोणत्या पायावर किती भार आहे ते सांगतात. लहान मेंदू या तिन्ही बातम्यांची जुळणी करतो. पाय सावरण्याच्या कित्येक हालचाली विचाराची वाट न पाहता मज्जारज्जू आणि मेंदूच्या देठाच्या पातळीवरच घडतात. म्हणूनच टेम्पो हिसका देतो तेव्हा शेळीचा पाय ती ‘ठरवण्याच्या’ आधीच बाजूला पडलेला असतो.

तारेवरचे कबूतर

पक्ष्यांना तर दोनच पाय आणि बसायला बोटभर जाडीची तार. तार झुलते तेव्हा नीट पाहिले, तर कबुतराचे धड आणि शेपटी वरखाली होते, पण डोके जागच्या जागी राहते. कोंबडी हातात धरून हळूहळू हलवली तरी तिचे डोके हवेत एकाच ठिकाणी टांगल्यासारखे दिसते. पक्ष्यांचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, म्हणून चित्र स्थिर ठेवण्याचे काम त्यांची लांब, लवचीक मान करते. डोके स्थिर राहिले की कानातील ओळंबाही स्थिर राहतो आणि धडाला कोणत्या बाजूला झुकायचे याचा हिशेब सोपा होतो.

चालताना कबूतर मान पुढेमागे करते, तेही यासाठीच. १९७८ मध्ये बॅरी फ्रॉस्ट या कॅनडातील संशोधकांनी कबुतरांना सरकत्या पट्ट्यावर चालवले. पाय चालत होते, पण भोवतालचे दृश्य मागे सरकत नव्हते. अशा स्थितीत कबुतरांनी मान हलवणे सोडून दिले. मान हलवण्याचा संबंध पावलांपेक्षा डोळ्यांना दिसणाऱ्या जगाशी आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

पक्ष्यांच्या कमरेजवळील मज्जारज्जूभोवती हाडांत नलिकांसारख्या पोकळ्या आहेत. जर्मन शास्त्रज्ञ राइनहोल्ड नेकर यांनी असे मांडले आहे, की ही व्यवस्था म्हणजे पक्ष्यांचे तोलाचे दुसरे इंद्रिय असावे. कानातील यंत्रणा डोके सांभाळते आणि कमरेतील यंत्रणा धड व पाय. झुलत्या तारेवर डोके एका गतीत व कंबर दुसऱ्या गतीत असते, हे लक्षात घेतले म्हणजे या कल्पनेचे महत्त्व कळते.

शेपटी, खूर आणि पंजा

मांजराची शेपटी शोभेची नाही, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगाने दाखवले. अरुंद फळीवरून मांजर चालत असताना फळी अचानक बाजूला सरकवण्यात आली. मांजराने शेपटी फळीच्या सरकण्याच्या विरुद्ध दिशेला फेकून कंबर पुन्हा फळीवर आणली. शेपटीची हालचाल नाहीशी झालेली मांजरे त्याच फळीवरून अधिक वेळा घसरली. खार आणि वानर हलत्या फांदीवर शेपटीचा असाच उपयोग करतात.

गुरांच्या शेपटीत एवढे वजन नसते; त्यांची सारी भिस्त पायांवर. शेळीच्या खुराचे दोन भाग स्वतंत्रपणे फाकतात. त्यांची कडा कठीण आणि आतला भाग मऊ असतो, त्यामुळे खडकाच्या कंगोऱ्यावर पकड बसते. डोंगरकड्यावर लीलया चढणारी शेळी मात्र टेम्पोच्या गुळगुळीत लोखंडी पत्र्यावर हतबल होते. पत्रा मूत्राने व शेणाने ओला झाला की खुराला रुतायला काही उरत नाही. येथे दोष शेळीच्या तोलाचा नसतो. तोल सावरण्यासाठी लागणारे घर्षणच तिला मिळत नाही.

घोड्याच्या पायांत अस्थिबंध आणि कंडरांची अशी रचना असते, की स्नायूंना फारसे न शिणवता तो तासन्‌तास उभा राहू शकतो, उभ्याउभ्या डुलकीही घेतो. ही सोय स्थिर जमिनीवरची आहे. हलत्या जमिनीवर त्याला क्षणोक्षणी भार बदलावा लागतो, म्हणून प्रवासात काही न करता नुसता उभा असलेला घोडाही थकतो. गाय एरवी दिवसाचा बराच काळ बसून काढते, पण चालत्या ट्रकमध्ये पहिले अनेक तास ती बसत नाही. ती बसू लागली की बहुधा थकवा अनावर झालेला असतो.

डोळ्यांची आणि कानांची साक्ष जुळत नाही तेव्हा

बंद हौद्यात उभ्या जनावराला डोळे सांगतात की भिंत स्थिर आहे, तर कान सांगतो की आपण हलतो आहोत. अशा विसंगतीतून ‘गाडी लागते’, असे मानले जाते. कुत्र्यांना, विशेषतः पिल्लांना, ती लागते, डुकरांनाही लागते. घोड्याला वांती करता येत नाही. उंदरालाही येत नाही, म्हणून प्रयोगशाळेत या विकाराचा अभ्यास उंदरावर करणे अवघड होते. तेथे मदतीला आली ती आपल्या घराच्या कोपऱ्यात फिरणारी चिचुंद्री. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी संशोधकांनी दाखवले, की आडव्या दिशेने काही मिनिटे हलवल्यास चिचुंद्रीला माणसासारखीच वांती होते, आणि वारंवार हलवल्यास ती सरावते. तेव्हापासून हा नकोसा वाटणारा प्राणी प्रवासातील मळमळीच्या संशोधनातील एक महत्त्वाचा प्राणी ठरला आहे.

जहाजावरचे घोडे आणि एक गेंडा

हलत्या जमिनीवरून जनावरे नेण्याचा इतिहास गोवा आणि गुजरात या दोन्ही किनाऱ्यांना जवळचा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस होर्मुझच्या जहाजांचे वर्णन करताना मार्को पोलो सांगतो, की त्यांना वरचा तक्तपोशीचा मजला नसे. मालावर कातडी पसरून त्यावरच हिंदुस्थानात विकायचे घोडे उभे करीत. उघड्या समुद्रात, डळमळत्या मालावर, ओल्या कातड्यावर उभ्या असलेल्या घोड्यांची कल्पना केली, तर वाटेत त्यांचे काय हाल होत असतील ते कळते. १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात गेल्यावर अरबी घोड्यांचा हा व्यापार त्यांच्या हाती आला आणि विजयनगरचे राज्य त्यांचे मोठे गिऱ्हाईक बनले. पुढील काळात युरोपीय जहाजांवर घोड्यांसाठी अरुंद, गादीच्या कडांचे कप्पे आणि वादळात पोटाखालून धरणारे झोळीसारखे पट्टे वापरात आले.

गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याने अफोन्सो द अल्बुकर्क यांच्या वकिलांना एक गेंडा भेट दिला होता. जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून जहाजावर चढला आणि २० मे रोजी लिस्बनला सुखरूप उतरला. आल्ब्रेख्त ड्यूरर यांचे प्रसिद्ध काष्ठठसा चित्र याच गेंड्याचे, जरी त्यांनी तो स्वतः पाहिला नव्हता. पोर्तुगालच्या राजाने पुढे तो पोप दहावे लिओ यांच्याकडे पाठवला, आणि १५१६ च्या प्रारंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ ते जहाज बुडाले. गेंडा पोहण्यात तरबेज असतो. पण याच्या पायांत साखळदंड होते. जनावराला जखडून ठेवणे म्हणजे सुरक्षित ठेवणे नव्हे, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

सुरतेच्या इतिहासाला याची दुसरी बाजूही आहे. १६८९ मध्ये तेथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मगुरूने गाई, घोडे, शेळ्या, कुत्रे अशा आजारी, लंगड्या किंवा म्हाताऱ्या जनावरांसाठी चालवल्या जाणाऱ्या रुग्णालयाची नोंद करून ठेवली आहे. पांजरपोळांची परंपरा या शहरात तितकी जुनी आहे.

ट्रकमधील पडझड आणि कायदा

जनावरे दाटीवाटीने भरली की ती एकमेकांच्या आधाराने उभी राहतात आणि पडत नाहीत, असा समज वाहतूकदारांत सर्वत्र आढळतो. आयर्लंडमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या अभ्यासांनी तो खोडून काढला. दाटी वाढली की जनावराला पाय सरकवून तोल सावरायला जागा उरत नाही. एक पडले की दुसरे त्यावर अडखळते, आणि पडलेल्याला उठता येत नाही, कारण वरची जागा तत्क्षणी भरून जाते. तोल जाण्याचे बहुतेक प्रसंग ब्रेक, गिअर बदलणे आणि वळण यांच्याशी जोडलेले आढळले. म्हणजे जनावराचा तोल पुष्कळ अंशी चालकाच्या पायात आणि हातात असतो.

गुरे मोकळी असली तर ती गाडीच्या दिशेला समांतर किंवा काटकोनात उभी राहणे पसंत करतात. तिरपी क्वचितच राहतात. घोड्यांविषयीच्या काही अभ्यासांत पाठ पुढे करून उभ्या घोड्यांना तोल सांभाळणे सोपे गेल्याचे दिसले. चतुष्पादांच्या पुढच्या पायांवर मुळातच निम्म्याहून अधिक भार असतो. तोंड पुढे असताना ब्रेक लागला की तो आणखी वाढतो; पाठ पुढे असेल तर धक्का भक्कम मागील पायांवर येतो आणि डोके वाचते.

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याखालील १९७८ चे प्राणी वाहतूक नियम तोलाच्या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. मालवाहू गाडीतून गुरे नेताना जमिनीवर काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या यांसारखे न घसरणारे अस्तर हवे, बाजू बुटक्या असतील तर त्या उंच करायला हव्यात, एका गाडीत सहापेक्षा अधिक गुरे नकोत, सोबत एक राखणदार हवा, त्याच हौद्यात इतर माल नको, आणि गुरे घाबरू नयेत वा जखमी होऊ नयेत म्हणून त्यांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे हवीत, असे हे नियम सांगतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आणखी पुढचे पाऊल टाकले. जनावरे नेणाऱ्या वाहनात कायमचे कप्पे असावेत आणि गाय किंवा म्हशीमागे किमान २ चौरस मीटर, तर शेळी किंवा मेंढीमागे ०.३ चौरस मीटर जागा असावी, असे त्यात नमूद आहे. या आकड्यांचा अर्थ एवढाच, की प्रत्येक जनावराला पाय फाकवता आला पाहिजे.

गोव्याच्या दृष्टीने हे नियम कागदापुरते नाहीत. राज्यात येणारी गुरे व कोंबड्या मोठ्या प्रमाणावर शेजारच्या राज्यांतून येतात, आणि त्यांचा मार्ग चोर्ला किंवा अनमोडसारख्या घाटांतून जातो. सुरतेच्या सपाट रस्त्यावर मुख्य त्रास ब्रेकचा. घाटात त्यात एकामागून एक उलटसुलट वळणांची भर पडते, म्हणजे जनावराच्या सर्वांत कमकुवत बाजूवर, कुशीवर, आघात होत राहतात. तेथे संथ चालवणे, वळणाच्या आधीच वेग कमी करणे, हौद्यात भाताचा पेंढा किंवा वाळू अंथरणे, गुरांना वेसणीला ताणून न बांधता मान खालीवर करता येईल इतके दावे सैल ठेवणे आणि दर काही तासांनी थांबून कोणी पडले आहे का ते पाहणे, या साध्या गोष्टी जीव वाचवतात. घरचा कुत्रा गाडीतून नेताना त्याच्याखाली घसरणार नाही अशी चटई घालावी, प्रवासापूर्वी भरपेट खाऊ घालू नये आणि दुचाकीवर त्याला साखळीने गाडीच्या सांगाड्याला बांधू नये.

वाटेत जनावर कोसळलेच, तर शेपटी पिरगळून किंवा शिंगे ओढून त्याला उठवू नये. आधी भोवतालची जागा मोकळी करावी, पायांखाली पेंढा किंवा पोते सरकवावे आणि त्याला स्वतः उठू द्यावे. उठता येत नसेल तर पशुवैद्याला बोलवावे. गुजरातेत त्यासाठी १९६२ या क्रमांकावर ‘करुणा’ रुग्णवाहिका सेवा आहे, आणि हाच क्रमांक देशातील अनेक राज्यांत फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी वापरला जातो.